मेळा, डफ आणि माइक : 'स्वदेशी'ची गोष्ट

गणेशोत्सव म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आरास, आरत्या, मुलांच्या स्पर्धा आणि महाप्रसादाच्या पंगती येतात. लोकमान्यांच्या पुढाकाराने १८९३-९४ च्या सुमारास हा उत्सव पुण्याच्या चौकांत रुजला, तेव्हा त्यात आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे मेळे. एकसारख्या पोशाखातली मुले गात गात रस्त्याने निघत. गजाननाच्या स्तवनाला लागूनच स्वदेशीची, दारूबंदीची, सरकारी जुलुमाची पदे येत. ती सरकारला इतकी बोचली की १९१० च्या सुमारास मेळ्यांवर बंधने आली. गाण्याला सरकार घाबरते, हे आपल्या पणजोबांच्या पिढीने गणपतीसमोरच पाहिले.

यंदा या पानांत आम्ही ज्या तरुणांची ओळख करून देणार आहोत, त्यांनी आपल्या चमूला 'स्वदेशी' हेच नाव दिले आणि आपल्या कार्यक्रमाला 'स्वदेशी मेळा' म्हटले. हे तरुण मुंबईचे, आणि त्यांचे गाणे हिप हॉप! हा शब्द ऐकून काही वडीलधारी मंडळी पान उलटतील. त्यांना विनंती अशी की जरा थांबावे. गोष्ट आपलीच आहे.

हिप हॉपचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या एका इमारतीत कूल हर्क या जमैकन तरुणाने बहिणीच्या समारंभात दोन तबकड्या फिरवून ठेक्याचा तुकडा लांबवत नेला, तिथून या कलेची सुरुवात मानतात. त्या वस्तीत तेव्हा बेकारी होती, घरे ओस पडत होती, जळत होती. वाद्ये आणि शिकवण्या परवडत नसलेल्या मुलांनी त्या ठेक्यावर शब्द बोलायला सुरुवात केली. १९८२ मध्ये ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्यांच्या साथीदारांच्या 'द मेसेज' या गाण्याने वस्तीचे हाल थेट मांडले. पुढे या कलेत पैसा आला, गाड्या आल्या, फुशारकी आली. त्या बाजारू वाटेने न जाता समाजाविषयी बोलत राहणाऱ्यांची जी शाखा झाली, तिला 'पर्यायी' हिप हॉप म्हणतात. 'स्वदेशी' त्या शाखेतली.

हा चमू २०१३ च्या सुमारास मुंबईत उभा राहिला. एमसी मवाली म्हणजे अकलेश सुतार, एमसी तोडफोड म्हणजे धर्मेश परमार, महार्या, अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आणि ठेका रचणारे त्यांचे जोडीदार, अशी ही मंडळी. सौरभने आपले नाव '१००आरबीएच' असे लिहिले. शंभराचा 'सौ' आणि पुढची तीन अक्षरे एकत्र वाचली की नाव उलगडते. त्या काळात मुंबईतले बरेच रॅप इंग्रजीत होते. या मुलांनी मराठी, हिंदी, गुजराती अशा आपापल्या घरच्या भाषा धरल्या. तोडफोड गुजरातीत गायचा. ज्या शहरावरून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मराठी आणि गुजराती माणसे समोरासमोर उभी राहिली, त्याच शहरात साठ वर्षांच्या आत दोन्ही भाषांची मुले एका माइकवर एकच तक्रार मांडू लागली. ही साधी गोष्ट नव्हे.

त्यांनी आणखी एक केले. नुसता परका ठेका उचलला नाही. मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्याबरोबर काम करताना यातल्या काहींना दक्षिणेकडची कोन्नकोल ही तालाचे बोल तोंडाने म्हणण्याची विद्या गवसली. तबल्याचे बोल आपल्याकडे पढंत करतात, तसेच ते. २०१९ च्या 'गली बॉय' या चित्रपटात 'इंडिया ९१' हे राजगोपालन यांनी रचलेले गाणे आहे. त्यात तोडफोड, १००आरबीएच आणि महार्या यांचे आवाज आहेत. त्या चित्रपटाने वस्तीतले रॅप घराघरांत पोचवले. पुढच्याच वर्षी 'आझादी रेकॉर्ड्स' या दिल्लीच्या संस्थेतर्फे 'स्वदेशी'चा 'चेतावनी' हा गीतसंच आला.

पण या मंडळींची खरी ओळख झाली ती 'द वारली रिव्होल्ट' या गाण्याने. 'वारल्यांचा उठाव' हे शब्द महाराष्ट्राला ठाऊक आहेत. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांनी किसान सभेच्या मदतीने वेठबिगारी झुगारली. ती हकिगत गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये सांगितली आहे. या गाण्यात मात्र उठावाची जागा मुंबईच्या पोटातली आहे. गोरेगावच्या आरे वसाहतीच्या रानात आदिवासींचे पाडे आहेत, आणि तिथेच मेट्रोची कारशेड व्हायची होती. 'स्वदेशी'ने त्या पाड्यांवर दुरून गाणे लिहिले नाही. आरेतलेच आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना त्यांनी सोबत घेतले. ज्याचे रान जाणार, त्याचाच आवाज गाण्यात आला.

४ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने झाडांच्या बाजूच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालल्या. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबवायला सांगितली, तोवर दोन हजारांवर झाडे पडली होती. गाण्याने झाडे वाचली नाहीत. तसे कोणी म्हणूही नये. पण मुंबईत रान आहे आणि त्यात माणसे राहतात, हेच ज्यांना माहीत नव्हते अशा अनेक मुलांना ते या गाण्यामुळे कळले.

२० मार्च २०२२ रोजी तोडफोड गेला. वय अवघे चोवीस. अखेरपर्यंत तो आपल्या सोबत्यांबरोबर मंचावर गात होता. त्याच्यामागे साथीदारांनी गाणे सोडले नाही.

आता ही गोष्ट आपली कशी? १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 'लाल बावटा कलापथक' काढले, तेव्हा गिरणगावच्या चाळी हेच त्यांचे नाट्यगृह होते. त्याआधी सत्यशोधक जलसे होते. १९३० नंतर भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. पोवाडा आणि रॅप एकच, असे आम्ही म्हणत नाही. डफ-तुणतुण्याची घडण वेगळी, तबकडीची वेगळी. कलापथकामागे पक्ष आणि चळवळ होती, या मुलांमागे स्वतःचीच हिंमत आहे. सारखी आहे ती एक गोष्ट. गाणारा ज्यांच्याविषयी गातो, त्यांच्यातच उभा राहून गातो.

माळव्याला हे नवे नाही. कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला आले, आजारातून उठताना त्यांनी इथली लोकगीते कान देऊन ऐकली, आणि निर्गुणी भजनांना नवा आवाज मिळाला. आपल्याच जिल्ह्यातल्या लुनियाखेडीचे प्रह्लादसिंह टिपानिया तंबुऱ्यावर कबीर गातात, तेव्हा जातीचा गर्व आणि कर्मकांड यांची ते भीड ठेवत नाहीत. आणि याच उज्जैनच्या शाळेत शिकलेल्या दोन मुक्तिबोध बंधूंची आठवण आपण कितीदा काढतो? थोरले गजानन माधव हिंदीत लिहू लागले आणि आधुनिक हिंदी कवितेचे मोठे नाव झाले. धाकटे शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले, 'नवी मळवाट' हा संग्रह त्यांचा. घर एक, भाषा दोन, आणि दोघांचीही लेखणी शोषित माणसाच्या बाजूची. मुंबईच्या त्या माइकवर जे घडले, ते आपल्या एका मराठी घरात सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी घडून गेले होते.

म्हणूनच हा विषय आम्हाला महत्त्वाचा वाटतो. शिंदेशाहीपासून इथे राहणाऱ्या आपल्या घरांत मराठी टिकली, ती प्रामुख्याने देवघरात, लग्नकार्यात, नाट्यपदांत आणि आजीच्या बोलण्यात. तिचा मान आपण राखला. मात्र शाळा, बाजार, रोजची भांडणे आणि तक्रारी या सगळ्यांसाठी आपली मुले हिंदीकडे वळतात. त्यांचा दोष नाही. रागावायला, प्रश्न विचारायला, टोमणा मारायला जी भाषा कामी येत नाही, ती हळूहळू फक्त आरतीची भाषा उरते. 'स्वदेशी'च्या मुलांनी मराठी जपण्याची प्रतिज्ञा केली नव्हती. त्यांना आपल्या शहराविषयी काही सांगायचे होते, आणि सांगताना घरची भाषा सर्वांत धारदार वाटली.

आपल्या शहरातही सांगण्याजोगे काही कमी नाही. कान्ह नदीचे मैले पाणी क्षिप्रेत मिसळते आणि पर्वणीला आपण नर्मदेच्या पाण्यावर विसंबतो. विनोद मिलचा भोंगा बंद पडला आणि हक्काच्या पैशांसाठी कामगारांची पिढी वाट पाहत म्हातारी झाली. २०२८ चा सिंहस्थ जवळ येत आहे, रस्ते रुंद होत आहेत, जुनी घरे पडत आहेत. यांवर मराठीत चार ओळी कोणी केल्या आहेत का?

पुढच्या गणेशोत्सवात करमणुकीच्या कार्यक्रमांबरोबर एका संध्याकाळची पंधरा मिनिटे आपण मुलांना द्यावीत, अशी आमची सूचना आहे. अट एकच, गाणे त्यांचे स्वतःचे हवे आणि विषय उज्जैनचा. मराठीत माळवी मिसळली, हिंदी डोकावली तरी चालेल. ठेका डफाचा असो की संगणकाचा, हरकत नाही. एखादी ओळ आपल्यापैकी कोणाला बोचलीच, तर मेळ्यांची परंपरा पुन्हा सुरू झाली असे समजू या.

गणपती बाप्पा मोरया!