बीमारिस्तानातले तबीब कधी झोपायचे?

यंदाच्या ईदला माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. एका सरकारी रुग्णालयात तो निवासी डॉक्टर आहे. शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन बसला आणि बोलता बोलता डुलक्या घेऊ लागला. छत्तीस तासांची ड्युटी संपवून थेट आला होता. मी विचारले, "बेटा, काम आवडतं ना?" तो म्हणाला, "काम आवडतं सर. पण घरी गेल्यावर अम्मीशी दोन शब्द बोलायची ताकद राहत नाही." मग हसून म्हणाला, "तुम्ही शाळेत राझी, इब्न सीना यांच्या गोष्टी सांगायचात. ते लोक कधी झोपायचे?"

प्रश्न गमतीचा होता, पण माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणून पुन्हा पुस्तके उघडली.

मध्ययुगीन मुस्लिम जगात रुग्णालयाला बीमारिस्तान म्हणत. 'बीमार' आपल्याला उर्दूतून माहीत आहे, 'स्तान' म्हणजे जागा. मोठी बीमारिस्ताने वक्फवर चालत. दुकाने, जमिनी, हमाम यांचे उत्पन्न रुग्णालयाच्या नावे करून दिलेले असे. त्यातून रुग्णाला मोफत औषध आणि जेवण मिळे, आणि तबिबाला पगार.

बगदादचे अजुदी बीमारिस्तान इसवी सन ९८१-८२ च्या सुमारास सुरू झाले. सुरुवातीला तिथे २४ तबीब होते असे सांगतात. त्यांपैकी एक जिब्रील इब्न उबैदुल्लाह, बुख्तीशू या प्रसिद्ध ख्रिस्ती वैद्यघराण्यातले. त्यांच्या नोकरीचा तपशील चरित्रकारांनी नोंदवून ठेवला आहे. दरबारी तबीब म्हणून महिना ३०० दिरहम, बीमारिस्तानाचे वेगळे ३०० दिरहम, आणि बीमारिस्तानातली पाळी आठवड्यातून दोन दिवस, दोन रात्री. म्हणजे रात्रपाळी तेव्हाही होती. पण ती ठरलेली होती, आणि तिचा मोबदलाही ठरलेला होता.

दमास्कसमध्ये नूरुद्दीन जंगीने ११५४ मध्ये बीमारिस्तान उभारले आणि ते अबुल मज्द या तबिबाकडे सोपवले. त्यांचा दिवस कसा जाई हे इब्न अबी उसैबिआने लिहिले आहे. आधी रुग्णांची फेरी. बरोबर सहायक आणि सेवक. तबिबाने जे औषध, जो आहार सांगितला तो विनाविलंब दिला जाई. मग किल्ल्यात जाऊन तिथले आजारी पाहायचे. तिथून परत येऊन बीमारिस्तानातल्या मोठ्या दालनात बसायचे. दालनात सतरंज्या अंथरलेल्या, नूरुद्दीनने वक्फ केलेल्या वैद्यकीय ग्रंथांची कपाटे तिथेच. शहरातले तबीब आणि विद्यार्थी जमत. सुमारे तीन तास ग्रंथवाचन आणि चर्चा चाले. मग अबुल मज्द घरी जात.

हे तीन तास मला महत्त्वाचे वाटतात. थकलेल्या माणसाला अवघड रुग्णाबद्दल कुणाशी तरी बोलता येणे, चूक झाली तर विचारता येणे, शिकता आणि शिकवता येणे ही चैन नव्हती. तो कामाचाच भाग होता. पुढे स्वतः इब्न अबी उसैबिआ याच बीमारिस्तानात शिकला. तिथे त्याचे उस्ताद दखवार आणि इम्रान हे यहुदी तबीब एकत्र रुग्ण पाहत, चर्चा करत. त्या दिवसांबद्दल लिहिताना या माणसाच्या लेखणीत आनंद दिसतो. दखवार यांनी पुढे स्वतःचे घर वैद्यकीय मदरशासाठी वक्फ केले.

आता राझी. रय आणि बगदाद इथल्या बीमारिस्तानांचे ते प्रमुख होते. आपण शाळेत त्यांच्या कष्टांचे कौतुक करतो. पण उतारवयात त्यांनी स्वतःच्या जीवनक्रमावर एक छोटे पुस्तक लिहिले, ते आपण सांगत नाही. त्यात ते म्हणतात की एका वर्षात तावीजावर असतात तशा बारीक अक्षरांत त्यांनी वीस हजारांहून जास्त पाने लिहिली. एका मोठ्या ग्रंथावर पंधरा वर्षे रात्रंदिवस खपले. शेवटी नजर अधू झाली, हाताचे स्नायू निकामी झाले, आणि वाचून दाखवायला, लिहून द्यायला दुसऱ्याची मदत घ्यावी लागली. पुस्तकाचा मुख्य मुद्दा मात्र मध्यममार्गाचा आहे. शरीराला अकारण छळणे हे शहाणपण नव्हे, असे ते बजावतात. ज्याने स्वतःचे डोळे कामात घालवले, तोच हे सांगतो आहे.

सगळे छान होते असा दावा मी करणार नाही. शिकलेल्या तबिबापेक्षा अडाणी वैदूंवर लोकांचा विश्वास का बसतो, यावर राझींना वेगळे पुस्तक लिहावे लागले होते. कैरोचे प्रसिद्ध मन्सूरी बीमारिस्तान १२८४ मध्ये उभे राहिले, तेव्हा वेठबिगारीने काम करून घेतल्याची नोंद इतिहासकार मकरीजी करतात. शिवाय लिहून ठेवले गेले ते नामवंतांचे. रात्री रुग्णाशेजारी जागणाऱ्या सेवकांचे समाधान कुणी विचारले नाही.

तरीही एक गोष्ट उरते. फुप्फुसातून होणारे रक्ताभिसरण पहिल्यांदा मांडणारे इब्न नफीस १२८८ मध्ये वारले, तेव्हा त्यांनी आपले घर आणि सगळी पुस्तके याच मन्सूरी बीमारिस्तानाला देऊन टाकली होती. ज्या जागेने पिळून काढले, तिला कुणी आपली पुस्तके देत नाही.

भारतात केंद्र सरकारने १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग काम सहसा दिवसाला १२ तास, आठवड्याला ४८ तास यापेक्षा जास्त नसावे, आठवड्याची सुट्टी असावी, असे लिहिले. कागद आपल्याकडेही आहे. जुन्या वक्फनाम्यामागे उत्पन्न होते, नेमलेली माणसे होती. आपल्या कागदामागे काय आहे, हे विचारायला हवे.

आणि आपण समाज म्हणून? आपल्या जलशांत मुलगा डॉक्टर झाला की हार घालतो, राझींचे नाव घेतो. तोच मुलगा रात्री तीन वाजता वॉर्डात एकटा असतो, तेव्हा आपलेच वीस नातेवाईक त्याच्या अंगावर धावून जातात. रुग्णालयाजवळ डॉक्टर मुला-मुलींसाठी चार खोल्या, सेहरीला आणि रात्री गरम जेवण, एक वाचनालय, एवढे वक्फच्या उत्पन्नातून किंवा जमातीच्या वर्गणीतून होऊ शकते. सगळ्या धर्मांच्या डॉक्टरांसाठी. बीमारिस्तानाची परंपरा तीच आहे.

त्या दिवशी मुलगा सोफ्यावरच झोपला. मी पंख्याचा वेग वाढवला आणि त्याच्या अम्मीला फोन करून सांगितले, उशीर होईल, जेवण ठेवा.