तोलोलिंग ते ‘प्रचंड’ : एका लढाऊ हेलिकॉप्टरची गोष्ट

आपलं नांदेड समुद्रसपाटीपासून बाराशे फुटांच्या आसपास, लातूर दोन हजारांच्या. कारगिलमधलं तोलोलिंग शिखर आहे सुमारे पंधरा हजार फुटांवर. आजचा विषय समजायला हे आकडे लक्षात ठेवा.

हेलिकॉप्टर हवेवर पेललं जातं. त्याची पाती हवा खाली ढकलतात म्हणून ते वर राहतं. जितकं उंच जावं तितकी हवा विरळ, म्हणजे पात्यांची पकड कमी आणि इंजिनाचा जोरही कमी. वर तोफ, रॉकेटं, चिलखत यांचं ओझं. मैदानात भारी पडणारं यंत्र डोंगरावर लंगडं होतं, ते असं.

हल्ल्यासाठीच बांधलेलं हेलिकॉप्टर पहिल्यांदा नावारूपाला आलं ते व्हिएतनाममध्ये. अमेरिकेचं ‘कोब्रा’ 1965 मध्ये उडालं. अंग अरुंद, दोघे वैमानिक एकामागे एक; समोरून नेम धरायला जागाच कमी. पुढे रशियाचं मि-24 आलं. त्याच घराण्यातली मि-25 आणि मि-35 आपल्या हवाई दलानं घेतली. श्रीलंकेत शांतिसेनेसोबत मि-25 लढलीसुद्धा. पण 1999 मध्ये कारगिल पेटलं, तेव्हा त्या उंचीवर ही जड यंत्रं कामाची नव्हती.

मग काय केलं? माणसं आणि सामान वाहणाऱ्या मि-17 ला रॉकेटं लावली आणि ती लढाईत उतरवली. 28 मे 1999. तोलोलिंगवर हल्ला करून परतणाऱ्या एका मि-17 ला खांद्यावरून डागलेलं क्षेपणास्त्र लागलं. त्या क्षेपणास्त्राला चकवणारे फ्लेअर त्या हेलिकॉप्टरवर नव्हते. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू, चौघेही गेले. त्यानंतर हेलिकॉप्टरं हल्ल्याच्या कामातून काढून घेण्यात आली.

या चौघांच्या धैर्यात काही कमी होतं का? अजिबात नाही. कमी होतं ते योग्य यंत्र.

ते यंत्र घडवायचं काम हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं हाती घेतलं. ‘ध्रुव’ हेलिकॉप्टर हाताशी होतंच. त्याच्या यंत्रणेवर अरुंद अंगाचं, दोन आसनांचं नवं हेलिकॉप्टर उभं राहिलं. वजन 5.8 टन, दोन ‘शक्ती’ इंजिनं, नाकाखाली 20 मिमीची तोफ, 70 मिमीची रॉकेटं, हवेतून हवेत मारा करणारी क्षेपणास्त्रं, आणि हो, फ्लेअरसुद्धा. 29 मार्च 2010 ला ते पहिल्यांदा उडालं. पुढे चाचण्यांमध्ये सियाचिन भागात 4,700 मीटर उंचीवर उतरलं. म्हणजे तोलोलिंगच्याही थोडं वर!

3 ऑक्टोबर 2022 ला जोधपूरला ते ‘प्रचंड’ या नावानं हवाई दलात दाखल झालं. मार्च 2025 मध्ये आणखी 156 हेलिकॉप्टरांचा करार झाला; त्यातली 90 भूदलासाठी. भूदलाच्या हेलिकॉप्टर वैमानिकांना शिकवणारी शाळा आपल्याच राज्यात आहे, नाशिकला.

आता हिशेब करा. 1999 ते 2022. तेवीस वर्षं. मे 1999 मध्ये जन्मलेलं पोर तोवर पदवीधर होऊन नोकरीला लागलं. संशोधनाला वेळ लागतो, हे मान्य. पण गरज रणांगणावर कळली की तिची किंमत माणसांनी मोजलेली असते. ‘प्रचंड’चा अभिमान जरूर बाळगावा, त्याबरोबर ही चार नावंही लक्षात ठेवावीत, एवढंच सांगून थांबतो.