कारचा टोल माफ झाला, मग आनंदनगरचा नाका अजून सुरू का?

१४ ऑक्टोबर २०२४. सकाळी राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा टोल बंद झाला. दहिसर, वाशी, ऐरोली आणि मुलुंडचे दोन नाके, म्हणजे आनंदनगर आणि एलबीएस मार्ग. दुसऱ्याच दिवशी विधानसभा निवडणूक जाहीर झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे ठाण्याचेच, त्यामुळे टायमिंगवर चर्चा होणारच होती.

पण नाके बंद झाले नाहीत. ट्रक, बस अजूनही पैसे भरतात. असं का?

त्यासाठी आधी हा टोल लागला कशासाठी ते बघावं लागेल. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईत ५५ उड्डाणपुलांचा प्रकल्प आला. काम एमएसआरडीसीकडे, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळाकडे होतं. खर्च वसूल करायला शहराच्या वेशीवर नाके बसवले. गोम इथेच आहे. दादरहून अंधेरीला जाणारा गाडीवाला हे पूल फुकट वापरतो, आणि डोंबिवलीहून शिळफाटा-ऐरोलीमार्गे मुलुंडला येणारा यातला एकही उड्डाणपूल न चढता पैसे भरायचा. मुलुंड पूर्वेच्या हरिओमनगरची गंमत तर वेगळीच. वस्ती मुंबई महापालिकेच्या हद्दीत, पण नाक्याच्या ठाण्याकडच्या बाजूला. म्हणजे स्वतःच्याच शहरात शिरायला टोल!

दर ठरायचे ते अधिसूचनेनुसार. दर तीन वर्षांनी १ ऑक्टोबरला वाढ, हे आधीच ठरलेलं. कारला २०१७ मध्ये ३५ रुपये, २०२० मध्ये ४०, २०२३ मध्ये ४५. ट्रक-बसला १५० आणि त्याहून मोठ्या, जास्त अ‍ॅक्सलच्या वाहनांना १९०. रस्त्यावर गर्दी किती, खड्डे किती, याचा या वाढीशी काही संबंध नव्हता. २०२३ च्या वाढीनंतर मनसेच्या अविनाश जाधव यांनी ठाण्यात उपोषण केलं, ते यामुळेच.

आता मुख्य मुद्दा. २०१० मध्ये एमएसआरडीसीने वसुलीचा हक्क १६ वर्षांसाठी एमईपी या कंपनीला दिला आणि बदल्यात २,१०० कोटी रुपये एकरकमी घेतले. सोप्या भाषेत, सरकारने पुढच्या १६ वर्षांच्या टोलची उचल घेतली. त्यानंतर नाक्यावर दिलेली नोट ही कंपनीची वसुली होती. त्यामुळे मुदत संपायच्या आत सरकारने टोल माफ केला की कंपनीला भरपाई द्यावी लागते.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. सुएझ कालवा १८६९ मध्ये सुरू झाला तेव्हा जहाजांकडून शुल्क घ्यायचा हक्क एका कंपनीला ९९ वर्षांसाठी दिलेला होता. इजिप्तच्या नासर यांनी मुदतीच्या १२ वर्षं आधी, १९५६ मध्ये, कालवा ताब्यात घेतला. त्यावरून युद्ध झालं ते झालंच, पण नंतर भागधारकांना भरपाईही द्यावी लागली. मुलुंडला युद्ध होणार नाही, भरपाई मात्र आहेच.

किती? सरकारने माफीवेळी सांगितलं होतं की पाच नाक्यांवरून रोज साधारण साडेतीन लाख वाहनं जातात, त्यात २.८० लाख हलकी आणि ७० हजार जड. मासिक पासची सवलत बाजूला ठेवून २.८० लाखांना ४५ ने गुणलं, तर दिवसाला सव्वा कोटीच्या वर जातं. एवढे पैसे रोख द्यायचे तर तिजोरीवर भार, म्हणजे कधीही गाडी न घेतलेल्या, कल्याणहून लोकलला लटकून जाणाऱ्याच्या करातूनही.

सरकारने त्याऐवजी मुदत वाढवण्याचा मार्ग धरला. वसुलीचा करार नोव्हेंबर २०२६ मध्ये संपणार होता, तो २०२९ पर्यंत लांबवण्याचा निर्णय झाला. म्हणजे कारवाल्यांचा जो टोल माफ झाला, त्याची भरपाई जास्तीच्या तीन वर्षांत जड वाहनं करणार. आणि ट्रकवाला हा खर्च भाड्यात धरतो, भाडं मालाच्या किमतीत जातं. त्यामुळे आनंदनगरच्या नाक्यावरून न थांबता निघून जाणाऱ्या कारवाल्यालाही टोल बसतोच, फक्त त्याची पावती मिळत नाही.