कोरेगांवचा खांब

पुण्याहून नगरच्या रस्त्यानें निघालें म्हणजे भीमेच्या कांठीं कोरेगांवचा दगडी जयस्तंभ दिसतो. १ जानेवारी १८१८ रोजीं येथें लढाई झाली. मुंबई पायदळाच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण, सुमारें पांचशें शिपायांची, आदल्या रात्रीं शिरूरहून निघाली. रात्रभर चालून गांवांत शिरली आणि पेशव्यांच्या फौजेशीं दिवसभर, बहुतेक पाण्यावांचून, लढली. जय कोणाचा, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाहीं. पेशव्यांची फौज निघून गेली आणि कॅप्टन स्टाँटन शिरूरास परतला, एवढें खरें. महत्त्व आहे तें खांबावरील नांवांस. तेथें कामास आलेल्या शिपायांचीं ४९ नांवें कोरलेलीं आहेत. त्यांपैकीं २२ नांवांच्या शेवटीं ‘नाक’ हें पद आहे. तीं महारांचीं, हें महाराष्ट्रांत कोणास सांगावें लागत नाहीं.

असें असतां इंग्रज सरकारनें १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद केली. सरसेनापति रॉबर्ट्स यांच्या मतें लढाऊ गुण कांहीं ठराविक जातींतच वसत. जातवार कंपन्या पाडण्याची पद्धतही त्याच वेळीं मुंबईच्या सैन्यांत आली, आणि ज्या जातीची कंपनी नाहीं तिला जागा नाहीं, असें झालें. सिद्धांत नवा, दगड सत्तर वर्षांचा. परंतु कचेरींत दगड नेऊन दाखवितां येत नाहीं!

नुकसान केवळ पगाराचें नव्हतें. गांवच्या शाळेंत ज्यांस शिरूं देत नसत, त्यांच्या मुलांमुलींस पलटणींत अक्षरओळख होई. सुभेदार रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेंत शिकवीत, डॉ. आंबेडकर हे त्यांचे चिरंजीव. भरतीचें दार लागलें तेव्हां शाळेचेंही दार लागलें. लष्करांतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनीं १८९४ सालीं भरती पुन्हां सुरू करण्याविषयीं अर्ज लिहिला, त्यामागें हें दुःख होतें.

पुढें महायुद्धांत माणसें कमी पडूं लागलीं, तेव्हां सिद्धांत मुकाट्यानें बाजूस सरला. १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभारली गेली, आणि गरज संपतांच १९२१ सालीं मोडली. १ जानेवारी १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर या खांबापाशीं आले, त्यास अवघीं सहा वर्षें होत होतीं.

दुसऱ्या महायुद्धांत, १९४१ च्या ऑक्टोबरांत, बेळगांवास महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. ती रेजिमेंट आजही भारतीय सैन्यांत आहे. तिच्या टोपीवरील आरंभींच्या बिल्ल्यावर कोरेगांवचा खांब होता. नंतर तो जाऊन तेथें खंजीर आला.