विद्युत्-रासायनिक दीप्ती आणि पाणी

केवळ तापमानाने ज्याचा उलगडा होत नाही अशा प्रकाशास 'ल्युमिनिसन्स' ही संज्ञा आयल्हार्ट वीडेमान यांनी १८८८ मध्ये दिली. मराठीत तिच्यासाठी 'दीप्ती' हा शब्द योजिला जातो. भाषाभ्यासकास येथे किंचित विसंगती जाणवते. कारण 'दीप्' हा धातू पेटण्याचा वाचक असून मूळ संज्ञेचा सारा भर उष्णता वगळण्यावर आहे. तथापि शब्द रूढ झाला आहे, म्हणून येथे तोच स्वीकारला आहे.

विजेच्या योगाने द्रावणात अशी थंड दीप्ती उत्पन्न होते, हे न्यूटन हार्वी यांनी १९२९ मध्ये ल्युमिनॉलच्या अल्कधर्मी द्रावणाबाबत प्रसिद्ध केले. ते द्रावण पाण्याचेच होते. परंतु या विषयाची शास्त्रशुद्ध उभारणी १९६४-६५ मध्ये झाली, ती मात्र पाणी कटाक्षाने दूर ठेवून. हर्क्युलीझ, व्हिस्को व चँड्रॉस, तसेच संतानम् (हे पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते) व बार्ड यांनी ॲरोमॅटिक हायड्रोकार्बनांचे धन व ऋण आयन विद्युदग्राशी निर्माण करून त्यांच्या मीलनातून प्रकाश मिळविला. हे आयन इतके क्रियाशील असतात की, विद्रावकात पाण्याचा वा ऑक्सिजनचा अंश उरला तरी प्रयोग बिघडतो. ज्या पद्धतीने पुढे पाण्याचीच परीक्षा करावयाची, तिचा बाल्यकाळ असा पाण्याच्या धाकात गेला.

टोकेल व बार्ड यांनी १९७२ मध्ये रुथेनियमच्या बायपिरिडिन संयुगाचा नारिंगी प्रकाश दाखविला, तोही ॲसिटोनायट्राइलमध्येच. खरे वळण १९८१ चे होय. रुबिनस्टाइन व बार्ड यांनी जलीय द्रावणात त्या संयुगासमवेत ऑक्झॅलेट घातले. एकाच विद्युदग्रावर दोहोंचे ऑक्सिडीकरण होते. ऑक्झॅलेटपासून निघणारा ऋण मूलक तीव्र क्षपणकारी असल्याने रुथेनियमच्या संयुगाला उत्तेजित अवस्थेत आणतो आणि प्रकाश पडतो. पाण्याचे विघटन होईल इतका ऋण विभव लावण्याची गरजच उरली नाही.

या रीतीत बाहेरचा दिवा लागत नसल्याने पार्श्वभूमी काळोखी राहते व अत्यल्प प्रकाशही मोजता येतो. पाऱ्याचा आयन डीएनएमधील दोन थायमिन घटकांना सांधतो. विद्युदग्रावर बसविलेल्या डीएनए-तंतूची घडी त्यामुळे बदलते आणि दीप्ती कमीअधिक होते. शिशासाठी जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचविली आहे. प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्यात अशा पद्धती तिच्याही पुष्कळ खाली पोहोचतात. नदीचे पाणी मात्र शुद्ध नसते. त्यातील कुजकट सेंद्रिय द्रव्ये प्रकाश दडपतात, विद्युदग्रावर थर धरतात. म्हणून ज्या निबंधात केवळ शुद्ध पाण्यातील आकडे दिलेले असतात, त्याचे काम माझ्या मते अर्धेच झालेले असते. नदीचा तोच नमुना दुसऱ्या प्रस्थापित रीतीने तपासून दोन्ही आकडे शेजारी मांडलेले असावयास हवेत.