ओठांवरचे ओझे

आरशासमोर उभे राहून, आवाज न काढता पाळ, बाळ, माळ हे शब्द म्हणून पाहा. ओठांची हालचाल अगदी सारखी! प, ब आणि म यांतला फरक कंठात व नाकात घडतो. डोळ्यांना तो दिसत नाही. सोलापूरच्या एखाद्या कर्णबधिर शाळेतील शिक्षक मुलाचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून असा एकेक वर्ण महिनोन्महिने घोटून घेतात. यश तुटपुंजे आले, की दोष स्वतःकडे घेतात. हे ओझे आले कोठून?

१८८० साली इटलीतील मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणाविषयी परिषद भरली. १६४ प्रतिनिधींत बधिर अवघा एक. खुणा सोडून केवळ बोलण्यातून शिकवावे, असा ठराव झाला. त्यानंतर अनेक देशांत बधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. १८८५ च्या सुमारास मुंबईत भारतातील पहिली बधिर शाळा निघाली. पुढे आपल्याकडेही मौखिक पद्धतच रुजली. शिक्षकाचे यश मुलाच्या उच्चारावर मोजले जाऊ लागले.

१९६० मध्ये विल्यम स्टोकी यांनी अमेरिकी खुणांच्या भाषेला स्वतःची रचना असते, हे दाखवून दिले. २०१० मध्ये व्हँकूव्हरच्या परिषदेने मिलानचे ठराव नाकारले. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही खुणांच्या भाषेची दखल घेतली.

तेव्हा शिक्षकाच्या थकव्यामागे चुकीच्या मापाचाही वाटा आहे. उच्चार जरूर शिकवावेत. पण धडा समजला का, हे खुणांनीही विचारावे. उत्तर हातांनी आले, तरी ते उत्तरच असते.