श्याम रडतो, पण आधी ठरवतो

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) येईपर्यंत मराठी कादंबरीतल्या मुलाला स्वतःचा निर्णय असा नव्हताच, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. पुरावा म्हणून बोट जाते ‘श्यामची आई’कडे. श्याम चुकतो, आई समजावते, डोळे पुसून प्रकरण मिटते. आक्षेप अगदीच पोकळ नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिले ते संस्कारांसाठीच. आश्रमात बसून बालपणीच्या आठवणी सांगणारा मोठा श्याम गोष्ट सांगता सांगता प्रवचनाला बसतो. ती पाने मीही भराभर उलटतो. त्यात १९५३ साली अत्र्यांचा चित्रपट आला, त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले आणि वनमालाबाईंची आई घरोघर ठसली. श्याम मागेच राहिला.

पण श्यामचे वय मोजत पुस्तक वाचावे. विहिरीत उडी मारायला घाबरणारा, पाय मळू नयेत म्हणून हट्ट धरणारा श्याम लहान आहे. तिथे आई ठरवते, हे खरे. थोर व्हायचे तर पुस्तक हवे, पुस्तकाला पैसे हवेत, म्हणून तो चोरी करतो, तेव्हा मात्र तो खोडकर पोर नसतो. हेतू चांगला असला की मार्गाचे पाहू नये, असा हिशेब त्याने स्वतः मांडलेला असतो. आपले पालगड गाव सोडून दापोलीच्या शाळेत गेल्यावर तो खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवतो. आईला हे कोट पाहिल्यावर कळते आणि तिचा पहिला प्रश्न असतो, पैसे कुठून आणलेस?

पुढे घर कर्जात बुडते. गरिबाला शिकता येईल म्हणून श्याम दूर औंधचा रस्ता धरतो. निर्णय बरोबरच होता. तरी आईचा शेवटचा आजार त्याच्याविना जातो आणि हाती राहते राख. चुकीला शिक्षा, सद्वर्तनाला बक्षीस, या संस्कारकथेच्या गणितात हे बसत नाही. ‘शाळा’तल्या नववीच्या मुलांना आणीबाणीतली मोठी माणसे अडवतात, श्यामला कोणी अडवलेले नाही.

यावर कोणी म्हणेल, हे नशीब, निर्णयाचा परिणाम नव्हे. पण अंतर श्यामने निवडले होते, आणि अभ्यास मोडू नये म्हणून त्याला कळवू नका, हे आईने.